गावातला दवाखाना आणि फिजिओथेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातले दोन दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असते आणि बाकीचे दिवस वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, उपकेंद्रांत फिरते. ओसरीवर, आशाताईंच्या बैठकीत, एसटी स्टँडच्या बाकावर लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. ज्या दुखण्यात उशीर झाला की माणूस कायमचा अडतो, तिथे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश आणि शेकच ना?

मालिश, शेक आणि मशीन हा त्यातला छोटा भाग आहे. कोणता स्नायू कमजोर झाला, कोणता सांधा आखडला, तुमच्या उठण्या-बसण्यात आणि कामात कुठे बिघाड आहे, हे शोधणं हे मुख्य काम. मग व्यायाम आणि कामाची पद्धत बदलून तो बिघाड दुरुस्त करायचा. माझ्याकडे गुडघेदुखीची बाई आली की मी तिला आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगते. उठताना ती कुठल्या पायावर भार टाकते, मांडी थरथरते का, यातून मला बरंच काही कळतं.

हा पदवी अभ्यासक्रम सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा चालत आला आहे. महाराष्ट्रात या व्यवसायाची स्वतंत्र परिषद आहे आणि तिथे नोंदणी करावी लागते. कुणी 'फिजिओ' म्हणून पाटी लावली असेल तर नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

प्राथमिक केंद्रात याची काय गरज? हे तर मोठ्या दवाखान्याचं काम.

हा प्रश्न मला गावकऱ्यांपेक्षा अधिकारी जास्त विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: गरज पहिल्या दारातच आहे.

नियमाप्रमाणे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येसाठी असतं. बाजाराच्या दिवशी तिथली ओपीडी बघा. कंबर, गुडघा, मान, खांदा घेऊन आलेल्यांची रांग संपत नाही. एका माणसाला डॉक्टर दोन-तीन मिनिटं देऊ शकतात. गोळ्या मिळतात, दुखणं दबतं, पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो. त्याच्या कंबरेचा कमजोर स्नायू आणि वाकून काम करण्याची रीत, दोन्ही होती तशीच राहिलेली असतात.

आता जिल्ह्याला पाठवलं तर काय होतं ते सांगते. तिथला फिजिओथेरपिस्ट सांगतो, पंधरा दिवस रोज या. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली रोज कोण जाणार? एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचीही बुडालेली मजुरी. दोन-तीन दिवसांनंतर माणूस येईनासा होतो आणि कागदावर शेरा पडतो की रुग्णाने उपचार सोडले. मला हा शेरा फार खुपतो. रुग्णाने उपचार सोडलेले नसतात, उपचारच त्याच्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब ठेवलेला असतो.

इंग्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच फिजिओथेरपिस्ट बसवले आहेत. सांधे-स्नायूंच्या दुखण्याचा माणूस आधी त्यांच्याकडेच जातो. तिथे तर अंतरंही कमी आणि रस्तेही चांगले. आपल्याकडे ही सोय त्याहून जास्त गरजेची आहे.

आमच्या केंद्रात फिजिओथेरपिस्ट नाही. मग कुठे जायचं?

प्राथमिक केंद्रात सहसा हे पद नसतंच. जिल्हा सामान्य रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ही सेवा धरलेली आहे. नागपूरचं मेडिकल, सेवाग्राम आणि सावंगी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही जाता येतं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कुठल्या वारी फिजिओथेरपिस्ट येतात, ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या. फेरा वाचेल.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथले नियम वेगळे.

उपकेंद्राचं आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामात म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची काळजी येते. त्यांना घरी यायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

कंबर धरली की किती दिवस आराम करायचा?

जमेल तितका कमी. एक-दोन दिवस फार कळ असेल तर पडून राहा, पण आठ-आठ दिवस बाजेवर पडून राहिलात तर पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात. साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत बरीच उतरते. घरात चाला, हलकी कामं करा, जड उचलू नका.

आपल्याकडच्या कंबरेला वर्षभर सुट्टी नसते. पावसाळ्यात निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी, म्हणजे चिखलात पाय रोवून दिवसभर ओणवं. वेचणारी बाई कमरेला झोळी बांधते, ती भरत जाते तशी पुढे ओढते, आणि ते वजन कंबर तोलून धरते. संध्याकाळी त्याच कंबरेवर पाण्याचा हंडा.

काम सोडा असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते शक्य नसतं. मी एवढंच सांगते:

अर्ध्या तासाने सरळ उभे राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवा आणि पाच वेळा मागे वाका. एका मिनिटाचं काम आहे, मुकादमही हरकत घेत नाही. झोळी अर्धी भरली की रिकामी करा. गाठोडं उचलताना गुडघ्यात वाका, गाठोडं पोटाशी घ्या, आणि उचलून वळायचं असेल तर कंबर न पिळता पाय फिरवा.

फवारणीवाल्यांसाठी वेगळं सांगते. सोळा लिटरचा पंप भरला की सोळा किलो पाणी आणि वर पंपाचं वजन. जमिनीवरून तो झटक्यात पाठीवर घेताना चमक भरते. पंप बैलगाडीच्या किंवा उंच बांधाच्या कडेला ठेवून भरा, तिथेच पाठ लावून पट्टे चढवा. दोन्ही पट्टे सारखे आवळा. दांडा हाताने मारायचा असेल तर दर पंपाला हात बदला.

एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसली. आता ऑपरेशनच का?

घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासले तरी विशीतल्या साधारण ३० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत चकती फुगलेली दिसते, असं मोठ्या संशोधनातून पुढे आलेलं आहे. केस पांढरे होतात तशीच ही वयाची खूण. रिपोर्ट आणि तुमचं दुखणं जुळतं का, हे माणूस तपासूनच कळतं. पहिल्याच आठवड्यात उसनवारी करून एमआरआय काढायची गरज बहुतेकांना नसते. गरज कधी असते, ते खाली धोक्याच्या खुणांमध्ये लिहिलं आहे.

उसण भरली तर गावातल्या जाणत्याकडून चोळून घेतलं तर चालतं का?

हलक्या हाताने तेल लावलं तर बरं वाटतं, त्याला माझा विरोध नाही. पण मान मोडणं, पाठीवर पाय देणं, पडल्यावर हाड 'बसवून' बांबूच्या कामट्या घट्ट आवळणं, हे करू नका. आवळल्याने बोटं काळीनिळी पडलेली मी पाहिली आहेत. पडल्यावर आधी एक्सरे, मग बाकीचं.

दुखण्यावरच्या बिननावाच्या पुड्याही घेऊ नका. कित्येकदा त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस जादू वाटते, पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि दुखण्याची गोळी महिनोन् महिने रोज खाल्ली तर पोटात जखम होते आणि मूत्रपिंडावरही ताण येतो.

लकवा मारला तर फिजिओथेरपी कधी सुरू करायची?

आधी दवाखाना. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. 'लकव्याचं औषध देणाऱ्या' गावाला न्यायच्या नादात ते तास निघून जातात.

तब्येत स्थिरावली की एक-दोन दिवसांतच हालचाल सुरू करायची असते. सर्वात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतरही होते, पण हळू. आणि नेमके हेच तीन महिने आपल्याकडे वाया जातात. दवाखान्यातून सुट्टी होते, चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी' एवढा एकच शब्द असतो, आणि माणूस घरी येऊन बाजेवर पडतो.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका घरी आशाताई मला घेऊन गेल्या. साठीतले गृहस्थ, डावी बाजू गेलेली, पाच आठवडे झालेले. बाजेचा दोर सैल, मधोमध खड्डा पडलेला, त्यात ते रुतलेले. बाजेची डावी बाजू भिंतीला लागून होती, म्हणून येणारा-जाणारा उजवीकडूनच बोलायचा. डावीकडे बघायचं त्यांना कारणच उरलं नव्हतं. मुलगा त्यांना उठवताना लुळ्या हाताच्या बगलेत हात घालून वर ओढायचा. खांदा सांध्यातून खाली उतरला होता, दोन बोटं मावतील एवढी खोबण हाताला लागत होती. हात लावला तरी ते कळवळायचे. घरच्यांना वाटायचं, लकव्यात असं दुखतच असतं.

त्या दिवशी एकही मशीन लागलं नाही. मुलाने दोर आवळून बाज ताठ केली आणि फिरवून डावी बाजू दाराकडे आणली. लुळ्या हाताखाली दुपट्ट्याची घडी ठेवली. उठवायची रीत मुलाला शिकवली: आधी कुशीवर वळवायचं, पाय बाजेखाली सोडायचे, मग खांद्याच्या पाठीमागे आणि कमरेला हात देऊन बसवायचं, लुळा हात कधीच ओढायचा नाही. त्यांची पत्नी सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे पहिल्याच दिवशी कोणी सांगतलं असतं त मी केलं असतं ना, माय." पुढच्या महिन्यात ते काठी टेकून अंगणात आले. खांदा मात्र अजून दुखतो.

लकव्याचा माणूस घरी असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, नाही तर पाठीला जखमा होतात. जेवण नेहमी ताठ बसवून भरवा, पडल्या पडल्या घास दिला तर तो श्वासनलिकेत जातो. आणि लुळ्या हातालाही काम द्या, चांगल्या हाताने धरून का होईना.

गुडघ्याची वाटी झिजली म्हणतात. झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम केला तर आणखी झिजेल ना?

नाही. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार तो वाटून घेतो आणि दुखणं कमी होतं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, दहा अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जमायला लागलं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं सुरू करा. वजन जास्त असेल तर एक किलो कमी केलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो.

उकिडवं बसणं कमी करा. चूल ओट्यावर घ्या, शौचाला खुर्ची ठेवा. हे खर्चाचं वाटत असेल तर जुन्या लाकडी खुर्चीला मधून गोल कापून घेतलं तरी चालतं.

खांदा वर जात नाही, वेणी घालता येत नाही. काय करू?

आखडलेला खांदा असू शकतो. आधी साखर तपासा, मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. मग रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या. बरं व्हायला महिने लागतात, धीर सोडू नका.

बायकांचं 'अंग बाहेर येतं' त्यालाही फिजिओथेरपी आहे का?

आहे, आणि हे आशाताईंनी घरोघरी सांगायला हवं. बाळंतपणं, बाळंत झाल्यावर लगेच उचललेले हंडे आणि जुना खोकला, यांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. खोकताना, शिंकताना लघवी निसटते, खाली जड वाटतं. बाया हे वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. लुगड्याच्या आत फडकं ठेवून वेचणीला जातात.

लघवी किंवा वारा अडवताना जिथे आवळतो, तिथेच आवळायचं. पाच अंक धरायचं, पाच अंक सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखू नका, पोट आणि कुल्हे ढिले ठेवा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. कुणाला कळतही नाही, भाकरी थापता थापता करता येतो. लघवी निसटत असेल किंवा अंग थोडंच खाली आलं असेल तर याने चांगला फरक पडतो. पूर्ण बाहेर येत असेल, रक्त जात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बाळ मान धरत नाही. 'उशिरा धरेल' म्हणून थांबायचं का?

थांबू नका. पाच महिने झाले तरी मान धरत नसेल, नऊ महिन्यांत बसत नसेल, दीड वर्षाला चालत नसेल तर दाखवा. २०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्यांच्यामार्फत मूल जिल्ह्याच्या बालकांच्या विशेष केंद्रात जातं, तिथे फिजिओथेरपिस्ट असतो. मेंदूला इजा झालेल्या मुलाला लवकर सुरुवात मिळाली तर ते हातपाय वापरायला पुष्कळ शिकतं.

जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच न्या. दर आठवड्याला एक असे पाच-सहा प्लास्टर घालून पाऊल सरळ होतं. पुढे बूट लावावे लागतात: तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग झोपताना, साधारण चार वर्षांचं होईपर्यंत. पाऊल सरळ दिसलं म्हणून बूट सोडले की ते पुन्हा वळतं.

सिकलसेल, हत्तीपाय, कुष्ठरोग यांत काय उपयोग?

पूर्व विदर्भात हे तिन्ही आहेत, म्हणून विचारलंत ते बरं केलंत.

सिकलसेलच्या तरुण मुलाची जांघ किंवा खुबा दुखत असेल, लंगडत असेल तर चोळू नका, ओढू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो. लवकर कळलं तर भार कमी करून, व्यायाम देऊन सांधा जास्त काळ टिकवता येतो.

हत्तीपायात पाय रोज साबणाने धुवून बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करा, बसताना उंच ठेवा, घोटा वर-खाली हलवा. ताप आणि लाली असेल तेव्हा व्यायाम थांबवा.

कुष्ठरोगाच्या सेवेची विदर्भाला मोठी परंपरा आहे, १९३६ पासूनचं वर्ध्याजवळचं दत्तपूर आणि वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन. औषधाने जंतू मरतात, पण बधिर हातापायांची काळजी रोजची असते: पाण्यात भिजवणं, तेल लावणं, वाकलेली बोटं दुसऱ्या हाताने सरळ करणं, मऊ रबराची एमसीआर चप्पल वापरणं. बोटं लवचिक राहिली तरच पुढे शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

व्यायाम केल्यावर दुखलं तर बंद करायचा का?

थोडं दुखणं आणि रात्रीपर्यंत उतरणं ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर निम्मा करा, बंद करू नका. आणि बरं वाटलं म्हणूनही बंद करू नका. माझ्याकडे पुन्हा येणाऱ्यांपैकी निम्मे तरी याच कारणाने येतात.

कोणत्या खुणा दिसल्या तर व्यायाम सोडून आधी डॉक्टर?

कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, उद्यावर ढकलू नका. पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तरी तसंच. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप आणि वजन उतरणं हा मणक्याचा टीबी असू शकतो. म्हातारं माणूस पडलं आणि पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर उभं करू नका. पिंढरी एकाएकी सुजली, तापली तर चोळू नका. डाव्या खांद्यात कळ, घाम आणि छातीत दाब असेल तर ते खांद्याचं दुखणं नाही, १०८ बोलवा.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

जुने कागद, एक्सरे, खात असलेल्या गोळ्यांची पाकिटं. सैल कपडे. घरात जो तुमचं करतो तो माणूस, कारण अर्धं मी त्यालाच शिकवणार असते. आणि दवाखान्यात यायचं म्हणून ठेवणीतली चप्पल घालू नका, शेतात वापरता तीच घालून या. तिची टाच कुठल्या बाजूने झिजली आहे, ते मला बघायचं असतं.